डग्गा गायब

मानवतहून एक शेतकरी गिऱ्हाईक आलं. गोणपाटात गुंडाळलेला, घरीच बांधलेला व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प, म्हणजे प्री, आणि सोबत नवाकोरा ट्रान्झिस्टरचा पॉवर अ‍ॅम्प. "जुन्या अ‍ॅम्पवर प्री झकास होता. नवा अ‍ॅम्प मोबाइलवर झकास वाजतो. दोघं जोडले की डग्गाच गायब!"

भजन लावलं. खरंच, तबल्याची चाट तेवढी येत होती. डग्ग्याच्या जागी पुठ्ठ्यावर टिचक्या. आवाज पूर्ण फिरवला तरी जेमतेम. कुणीतरी त्याला आधी व्हॉल्व्ह बदलायला लावले होते, मग महागडी वायर. बिघाड मात्र दोघांतही नव्हता.

‘इम्पिडन्स मॅच करा’ या शब्दानेच आम्हा दुरुस्तीवाल्यांना फसवलंय. आठ ओहमच्या टॅपला आठ ओहमचा स्पीकर, ही सवय हाताला इतकी बसलेली की शिकाऊ असताना मी एका प्रीच्या आउटपुटवर मुद्दाम १० किलोओहमचा रेझिस्टर टाकून ‘मॅच’ केलं होतं. प्रीचा स्वतःचा इम्पिडन्सही तेवढाच. अर्धा सिग्नल आतच जिरला आणि मी दिवसभर ट्रान्झिस्टर तपासत बसलो. इथे पॉवर नाही, व्होल्टेज पोचवायचं असतं. देणाऱ्याचा इम्पिडन्स कमी, घेणाऱ्याचा निदान दहापट.

ओहम मीटर लावून हा इम्पिडन्स कळत नाही. मी १००० हर्ट्झचा बारीक सूर देतो, स्कोपवर उंची बघतो, मग आउटपुटला व्हेरिएबल रेझिस्टर लावून उंची अर्धी होईपर्यंत फिरवतो. अर्धी झाली की रेझिस्टर काढून मोजायचा; येईल तो आकडा म्हणजेच इम्पिडन्स. या प्रीच्या ईसीसी ८३ व्हॉल्व्हचा आकडा निघाला ३८ किलोओहमच्या आसपास. जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प ४७० किलोओहमचा, नवा १० चा. सिग्नलचा पाचवा हिस्सा पुढे जात होता. शिवाय प्रीच्या आउटपुटच्या तोंडाशी ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. जुन्या जोडीत तो १४ हर्ट्झपर्यंत खाली वाट देत होता. नव्या जोडीत १५० हर्ट्झलाच दार लोटायला लागला. डग्ग्याचा घुमार त्याच्या खालचा.

हे समजवायला मी कागद घेतला, तोवर तोच म्हणाला, "म्हंजे आठ नोझलच्या मोटरीवर वीस लावले. एकबी तुषार फिरंना." माझा कागद तसाच राहिला.

प्रीच्या पुढे एक कॅथोड फॉलोअर बसवला, ईसीसी ८२ चा. याने सिग्नल वाढत नाही. आउटपुट इम्पिडन्स मात्र एक किलोओहमच्या आत येतो. पुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पुन्हा तेच भजन लावलं. डग्गा असा घुमला की टेबलावरचे स्क्रू थरथरले. गिऱ्हाईक डोळे मिटून ऐकत होतं.

भजन संपलं, तसे त्याने डोळे उघडले. "ही घूंऽऽ कशाची?"

प्रीच्या पॉवर सप्लायचे जुने फिल्टर कपॅसिटर सुकलेले. ती गुणगुण आधीपासूनच होती, डग्ग्याबरोबर तीही अडकली होती. मी पुन्हा झाकण उघडलं. त्याचे पैसे वेगळे, हे सांगायचं राहूनच गेलं.