पैलवानाचा कान

वर्गात मी शब्दशक्ती शिकवीत असतो, तेव्हा पोरांचे लक्ष माझ्या डाव्या कानाकडे असते. तो पैलवानाचा आहे, मोडलेला. बाकीचा देह प्राध्यापकाचा!

याला कारण ‘महाराष्ट्र केसरी’. कुस्तीगीर परिषदेने हा किताब १९६१ साली सुरू केला. दिनकर दह्यारी पहिले मानकरी. मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता भिडतात, उरेल तो केसरी. पण आम्हां नातेपुतेकरांना त्याची खरी ओळख पटली १९८८ साली. आमच्याच माळशिरस तालुक्यातले, निमगावचे रावसाहेब मगर केसरी झाले! वडिलांनी त्याच आठवड्यात दुभती म्हैस आणली आणि मला तालमीत घातले. सहा वर्षे माती अंगाला लावली. म्हैस आटली, कान मोडला. वडील मात्र हटले नाहीत. एम. ए. झाल्यावर पेढा खाता खाता म्हणाले, “वजन भरलं असतं तर...”

२०२३ साली मोहोळच्या सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत आस्मान दाखवून गदा सोलापूर जिल्ह्यात आणली. वडील अंथरुणाला खिळलेले. मी मोबाईलवर कुस्ती दाखवली.

“परत लाव,” म्हणाले. दुसऱ्या खेपेस पडद्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. माझा डावा कान चाचपीत राहिले.