यादीत नसलेले कर्तव्य

भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली, तेव्हा तिच्यात नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा स्वतंत्र भाग होता. मूलभूत कर्तव्यांचा नव्हता. तो १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, कलम ५१-क च्या रूपाने आला. देशात तेव्हा आणीबाणी होती आणि नागरिकांचे अनेक हक्क स्थगित होते. हक्कांचे पारडे रिते असताना कर्तव्यांचे पारडे भरले गेले, हे विसरता येत नाही. तरीही त्या दहा कर्तव्यांत निसर्गाचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दया यांना स्थान मिळाले. २००२ मध्ये पाल्याच्या शिक्षणाचे अकरावे कर्तव्य त्यांत जोडले गेले.

या यादीत एक गोष्ट मात्र आढळत नाही. ज्या स्वर्णसिंह समितीच्या शिफारशींवरून हा भाग घटनेत आला, तिने कायद्यानुसार कर भरणे हेही नागरिकाचे कर्तव्य मानावे असे सुचवले होते. ती सूचना स्वीकारली गेली नाही. कर भरण्याची सक्ती कायद्यात आहे. कर्तव्यांच्या यादीत तिचा उल्लेख नाही.

व्यापारी कुटुंबाने या उणिवेचा विचार करावा, कारण ती भरून काढणारी शिकवण त्याच्या घरातच आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे आणि भेसळ करणे यांबरोबर आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचे निर्बंध ओलांडून देवघेव करणे. आणि हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना एक माप व देताना दुसरे. वैधमापन शास्त्र विभागाचा निरीक्षक आज वजनकाट्यावर जी मुद्रा उमटवतो, तिचा आशय श्रावकाच्या व्रतात शतकानुशतके आहे.

खरी कसोटी गल्ल्यावर लागते. गिऱ्हाईक म्हणते, "बिल नको, भाव कमी करा." १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात ग्राहकाने दिलेली कराची रक्कम पेढीच्या गल्ल्यात पडते, परंतु ती पेढीची नसते, ती शासनाकडे पोचवायची ठेव असते. इतरांच्या ठेवी सांभाळून ज्यांच्या पूर्वजांनी बाजारात पत कमावली, त्यांना ठेवीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पक्क्या बिलाचा आग्रह धरल्याने एखादे गिऱ्हाईक तुटते, हा तोटा खरा आहे. पण शेजारी बसून व्यवहार पाहणारा मुलगा त्या क्षणी काय शिकतो, हेही जमाखर्चात धरले पाहिजे.

कर्तव्य पाळणाऱ्याने हक्क सोडावेत, असा याचा अर्थ नव्हे. घटनेचे कलम १९ व्यवसायाचे स्वातंत्र्य देते. कलम २६५ कायद्याच्या आधाराशिवाय कर घेण्यास मनाई करते. चुकीच्या आकारणीविरुद्ध अपील करता येते, आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दुकानासमोरच्या रस्त्यावर नगरपालिकेने किती खर्च केला, हे विचारता येते. मात्र ज्याची वही स्वच्छ असते, त्याचाच आवाज हा प्रश्न विचारताना कापत नाही. कर चुकवणारा थोडी रक्कम वाचवतो. पुढे अन्यायाची आकारणी झाली तरी तो गप्प बसतो. त्या थोड्या रकमेसाठी त्याने आपला हक्कच गहाण टाकलेला असतो.