नोंद, तारीख आणि गव्हाण

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडणारे पाणी येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांत अडवून कुकडी प्रकल्पाने ते कालव्यांच्या वाटेने पूर्वेकडे नेले, आणि ज्या शिवारांत एके काळी बाजरी-मटकीवर वर्ष काढावे लागे तेथे उसाचे मळे उभे राहिले, ही जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना होय असे मला वाटते. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 च्या अखेरीस सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. पुढे त्याच वाटेने जुन्नरात निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि आंबेगावात पारगावजवळ दत्तात्रयनगरचा भीमाशंकर हे कारखाने उभे राहिले. अशा कारखानदारीच्या शेतकी खात्यात ज्याची उमेदीची आणि उतारवयाचीही वर्षे सरली, त्याने आपल्या कसबाविषयी काही लिहावे ही इच्छा बरेच दिवस मनात होती.

कारखाना पाहावयास येणारा मनुष्य साहजिकच यंत्रांनी दिपून जातो. मोळ्यांचा चुरा करणारी पाती, एकामागे एक फिरणाऱ्या जड गिरण्या, चुना आणि गंधकाच्या धुराने निवळणारा रस, निर्वात भांड्यांत दाणा धरणारा पाक आणि शेवटी पन्नास किलोंच्या पोत्यात पडणारी पांढरी साखर, हा सगळा देखावा खरोखरच भव्य आहे. परंतु साखर या इमारतीत तयार होत नाही. ती उसाच्या कांडीत आधीच तयार झालेली असते आणि कारखान्याच्या हाती एवढेच असते की ती वाटेत कमीत कमी नासू द्यावी. म्हणून उत्पादनाची खरी व्यवस्था फडात सुरू होते, आणि तिचे मुख्य साधन म्हणजे शेतकी खात्याच्या दप्तरातील ऊसनोंदीचे रजिस्टर.

दररोज अडीच हजार टन गाळणारा मध्यम आकाराचा कारखाना घेतला, तर त्याला ताशी शंभर टनांहून थोडा अधिक ऊस लागतो. एकरी चाळीस टनांचा उतारा धरला तरी दिवसाला साठाहून अधिक एकरांचा फड मोकळा झाला पाहिजे. एक कोयता, म्हणजे नवराबायकोची एक जोडी, दिवसाकाठी दोन टनांच्या आसपास ऊस तोडते, बांधते आणि वाहनात भरते. तेव्हा बाराशेंवर कोयते रोज हजेरीवर असावे लागतात. हा हिशेब कागदावर सोपा दिसतो. पण फडातली तोड पहाटेपासून दुपार कलेपर्यंतच्या आठ-दहा तासांत होते आणि गिरणी मात्र चोवीस तास फिरते, या एका विसंगतीतून आमच्या धंद्यातील बहुतेक सर्व अडचणी जन्माला येतात. दिवसभराचा ऊस संध्याकाळी एकदम वजनकाट्यावर येऊन ठाकला तर पहाटेपर्यंत तो तळावर वाळत राहतो, आणि रात्री पुरेल इतका आलाच नाही तर पहाटे गिरणीला ऊस पुरवणारी गव्हाण रिकामी पडते.

यावरची तजवीज अशी की जवळच्या गटांतील बैलगाड्या दुपारीच काट्यावर याव्यात, मधल्या गटांचे ट्रॅक्टर संध्याकाळी, आणि लांबच्या गावांचे ट्रक रात्रीच्या पाळीला. त्यासाठी भरणीची वेळ गटवार ठरवावी लागते, आणि ती ठरवताना मंचर, नारायणगाव, आळेफाटा येथील हमरस्त्याची गर्दी, आठवडे बाजाराचा दिवस, ओढ्यातला उतार आणि कालव्याला सुटलेले आवर्तन या सर्वांचा विचार करावा लागतो. कालव्याचे पाणी सुटले की शेजारच्याने भिजवलेल्या वावरातून भरलेली गाडी बाहेर निघत नाही, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती चिटबॉयला ठाऊक असते. गटात फिरून नोंदी ठेवणारा आणि तोडीच्या चिठ्ठ्या देणारा हा चिटबॉय हुद्द्याने लहान, पण कारखान्याचे डोळे तोच. ज्या अधिकाऱ्याने त्याचे रोजचे म्हणणे ऐकून घेतले नाही, त्याचा कार्यक्रम तिसऱ्या दिवशी कोलमडतो.

जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने 1961 साली रांगांविषयीचा एक साधा नियम गणिताने सिद्ध केला, तो आमच्या ऊसतळाला जसाच्या तसा लागू पडतो. तळावर उभा असलेला ऊस म्हणजे ताशी गाळप गुणिले प्रत्येक वाहनाचा थांबण्याचा काळ. ताशी शंभर टन गाळताना वाहन आठ तास थांबत असेल तर तळावर आठशे टन ऊस असणार. आणि तळावर दोन हजार टन मोजले गेले, तर समजावे की शेवटच्या गाडीवानाला वीस तास बैल जुंपून किंवा सोडून तेथेच बसायचे आहे. पुष्कळ ठिकाणी तळ भरलेला दिसला की व्यवस्थापनाला हायसे वाटते. मला तो देखावा नेहमी अस्वस्थ करीत आला. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक विघटित होत जाते, वजन घटते, जंतूंमुळे रस चिकट होतो, आणि उन्हाळा लागल्यावर तर हे नुकसान फार वेगाने होते. यंत्राने तोडलेल्या उसाचे लहान तुकडे असल्याने तो अखंड उसाहून लवकर नासतो. म्हणून हार्वेस्टरची वाहने तळावर थांबूच देऊ नयेत, असा माझा कायमचा आग्रह होता.

याच्या उलट, गव्हाण रिकामी पडली तर गाळपाच्या नोंदवहीत ‘नो केन’ असा शेरा पडतो. त्या दोन शब्दांमागे केवढी साखळी असते! मोळी थांबली की गिरणीतून बाहेर पडणारा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, थांबतो, बगॅस थांबला की बॉयलरचे जळण साठ्यातून काढावे लागते, वाफ उतरली की पाकाच्या भांड्यांचे तंत्र बिघडते, आणि निवळणीच्या टाकीत गरम राहिलेला रस साखर गमावीत बसतो. पुन्हा गिरणी सुरू झाल्यावर सगळे मूळ गतीवर येण्यास गेलेला वेळ कोणी वेगळा लिहीत नाही. एखाद्या दिवशी विक्रमी गाळप झाल्याचे पेढे वाटले जातात. मला स्वतःला त्यापेक्षा तो पंधरवडा अधिक मोलाचा वाटतो, ज्यात गाळपाचा आकडा रोज जवळपास सारखाच राहिला.

तोडीचा क्रम ठरवणे हे मात्र नुसत्या गणिताचे काम नव्हे. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीचा सुरू आणि लवकर पिकणारा खोडवा, यांची पक्वता निरनिराळ्या वेळी येते. शिवाय 671 ही जात लवकर तयार होते, 86032 त्यानंतर, आणि 265 ला धीर धरावा लागतो. ऊस बुडख्याकडून शेंड्याकडे पिकत जातो. म्हणून फडात शिरून, कडेचे ऊस टाळून, मधल्या बेटातील एका उसाला खाली आणि वर टोचावे, रसाचा एकेक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घ्यावा, आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स वाचावा. खाली एकवीस आणि वर सोळा दिसले तर तो ऊस अजून कच्चा. दोन्ही आकडे जवळ आले की त्याची वेळ झाली. लागणीची तारीख आणि हा ब्रिक्स, या दोन साक्षींवर क्रम उभा असतो. तिसरी साक्ष, म्हणजे उसाचा मालक कोण आहे, ती दप्तराबाहेर ठेवावी.

येथे मी माझ्या मुख्य म्हणण्याशी आलो. तोडणीचा तारीखवार क्रम पाळणे ही न्यायाची बाब आहे असे सर्वजण मानतात. ती उत्पादनाचीही बाब आहे, किंबहुना उत्पादनाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी साधन आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. आपली तारीख खरी आहे असा ज्या शेतकऱ्याला भरवसा असतो, तो शांतपणे तोडीच्या आधी पाणी तोडतो, वाट करून ठेवतो आणि पुढच्या पिकाची जुळवाजुळव करतो. एकदा का कोणाचा तरी फड मध्येच घुसवून तोडला गेला आणि ती वार्ता गावात पोचली, की मग प्रत्येकजण आपापली खटपट सुरू करतो. मुकादमाला खुशाली दिली जाते, वाहनचालकाला दर खेपेमागे ‘एंट्री’चे पैसे पोचतात, आणि टोळ्या कार्यक्रमाकडे पाठ फिरवून जिथे पैसे अधिक तिथे वळतात. काही जण तर निरुपायाने उसाला काडी लावतात, कारण जळीत ऊस कपात सोसूनही आधी तोडला जातो हे त्यांना माहीत असते. मग जळिताच्या मागे धावताना उरलेला सगळा क्रम विस्कटतो, पिकलेला ऊस उभा राहतो, कच्चा गव्हाणीत पडतो, आणि उतारा घटल्यावर त्याचे खापर हवामानावर फोडले जाते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यांवर घातले. तारखेने तोड देण्याचे बंधन मात्र आपणच आपल्यावर घालून घ्यावे लागते.

क्रम पाळावयाचा म्हणजे तो आंधळेपणाने रेटावयाचा, असा याचा अर्थ नाही. आमच्या मुलखात बिबट्या उसातच जन्मतो, उसातच वाढतो. एकदा आंबेगावच्या पूर्वेकडील एका फडात सकाळची तोड ऐन रंगात आली असता एक बीडकडील बाई कोयता टाकून मागे सरली आणि म्हणाली, ‘‘सायेब, पिल्लं हायेत.’’ पाचटाच्या खळग्यात मांजराएवढी बछडी डोळे मिटून पडली होती. अशा वेळी करावयाचे काम ठरलेले आहे: तोड तत्काळ थांबवायची, वनखात्याला वर्दी द्यायची, आणि माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्राकडील जाणकार येऊन त्यांनी पिल्ले तपासली की संध्याकाळी ती त्याच जागी ठेवून सर्वांनी दूर व्हायचे, म्हणजे रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. त्या दिवशी ती टोळी दुसऱ्या फडाकडे वळवावी लागली, आणि ती वळवता आली याचे कारण इतकेच की यादीतला पुढचा फड कोणाचा, याविषयी गावात कोणाच्याही मनात संशय नव्हता. ज्याचा फड अर्धा राहिला त्यानेही तक्रार केली नाही. परवा तोड पुन्हा त्याच्याकडे येणार हे त्याला ठाऊक होते.

या सर्व व्यवस्थेचा भार ज्यांच्या मनगटावर आहे त्या तोडकऱ्यांविषयी मला तीव्रतेने बोलावेसे वाटते. बीड, आष्टी, पाथर्डीकडून उचल घेऊन निघालेली ही माणसे आपल्या कार्यक्रमातील एक ‘कोयता’ म्हणून मोजली जातात. वाहन तळावर अठरा तास अडकले तर दुसऱ्या दिवशी फडात भरावयास वाहन नसते, आणि टोळीचा रोज बुडतो. हा बुडालेला रोज कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. रात्री दोनला रिकामे वाहन परत आले म्हणून त्याच वेळी अंथरुणावरून उठून, लेकरू पाचटावर निजवून, भरणी करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. तळावरचा थांबा कमी करणे म्हणजे यांची झोप वाढवणे होय.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भल्या सकाळी उतरतात आणि दिवस मावळायच्या आत परप्रांताच्या वाटेला लागतात. तेथे भाव दर तासाला बदलतो आणि शेतकरी स्वतःच्या जोखमीवर वेळ निवडतो. उसाच्या मालकाला ही मुभा नाही. वर्ष-दीड वर्ष सांभाळलेले पीक त्याने एका नोंदीच्या भरवशावर आपल्या हवाली केलेले असते.

गळीत हंगाम सरला, पट्टा पडला, की गिरण्या उघडून त्यांची दुरुस्ती पावसाळाभर चालते. त्याविषयी यंत्रशाळेतील मंडळींनीच लिहावे, तो माझा अधिकार नव्हे. माझे एक मागणे मात्र नव्या शेतकी अधिकाऱ्यांपाशी आहे. आता नोंदी मोबाइलवर होतात, फडाची जागा उपग्रहाने कळते, चिठ्ठी संदेशाने येते. हे सर्व उत्तम आहे आणि आमच्या काळी असते तर आम्ही ते डोक्यावर घेतले असते. पण गटातील प्रत्येक सभासदाचे नाव, लागणीची तारीख आणि तोडीची अपेक्षित तारीख एका मोठ्या कागदावर लिहून तो गट कचेरीच्या बाहेरच्या भिंतीवर, जाता-येता कोणालाही वाचता येईल असा, हंगामाच्या पहिल्या दिवशी लावा. आणि मध्ये काही फेरबदल करावा लागला तर त्याचे कारण त्याच कागदावर, आपल्या सहीने लिहा.