वाहतें पाणी

वाहतें पाणी निर्मळ असतें, हें वाक्य मीं वर्गांत इतक्या वेळां उच्चारलें आहे कीं, त्याची परीक्षा घ्यावी असें मला कधीं वाटलेंच नाहीं. परवां रविवारीं ती परीक्षा माझ्या संगणकानें घेतली.

हें यंत्र माझ्या मुलानें जुळविलेलें. त्याच्या मेंदूवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा आहे. त्यांतून जाणारें पाणी उष्णता उचलतें, रेडिएटरमध्यें पंख्याच्या वाऱ्यानें निवतें आणि पंपाच्या जोरावर पुनः माघारी येतें. “बाबा, वर्षांतून एकदां पाणी बदलत जा,” असें बजावून चिरंजीव नोकरीसाठीं परगांवीं गेले. मीं ३ वर्षें तिकडे पाहिलें नाहीं. अखंड वाहणाऱ्या पाण्याला काय धाड भरणार!

परवां यंत्र फार तापूं लागलें. वीज तोडली, टाकीचें झांकण सैल केलें (हवा आंत शिरल्यावांचून पाणी नीट बाहेर येत नाहीं) आणि खालची तोटी उघडली. बादलींत उतरलें तें हिरवट, बुळबुळीत पाणी! ठोकळ्याच्या केसासारख्या बारीक खांचा त्याच साक्यानें बुजल्या होत्या. दांत घांसण्याच्या जुन्या ब्रशानें त्या साफ करतांना उलगडा झाला. हें पाणी वाहत होतें खरें. पण कोठें जात नव्हतें. बंद फेऱ्यांत फिरणारें पाणी डबक्याचेंच सगोत्र!

माझें व्याख्यान अस्खलित वाहतें असा कॉलेजांत लौकिक आहे. तें ज्या वहींतून वाहतें, ती २६ वर्षांपूर्वींची आहे. विनोदांच्या जागाहि त्याच. अलीकडे मुलें हंसत नाहींत, त्याचा दोष मी मुलांना देत आलों.

ऊर्ध्वपातित पाणी, त्यांत जंतुनाशक आणि गंजरोधक द्रव्य, असें नवें भरण केलें. पंप कोरडा फिरूं नये म्हणून टाकी भरती ठेवली. बाकीचें यंत्र निद्रिस्त ठेवून केवळ पंप चालविला. पेटी कलती करून बुडबुडे काढले. सांध्यांखालीं कागद पसरले आणि २४ तास जीव मुठींत धरून बसलों. कागद कोरडे निघाले.

त्या रात्रीं वही काढली. पहिल्या पानावरचा विनोद खोडतांना मात्र तांबें घांसण्याहून अधिक जोर लागला.