खिडकीतली उशी

आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी खुंटीला एक उशी टांगलेली असते. हातभर लांब, मांजरपाटाची, मधोमध शिवण घालून दोन कप्पे केलेली. खिडकीची काच खाली घ्यायची आणि उरलेल्या कडेवर उशी खोगिरासारखी टाकायची, एक कप्पा आत, एक बाहेर. वर लेन्स ठेवून हलकेच दाबली की आतले दाणे सळसळत बाजूला सरतात आणि लेन्सपुरती खोबण तयार होते. मग कॅमेरा हलत नाही. बाजारात अशा उश्या बीन बॅग म्हणून तयार मिळतात. आमची आईने १९९१ साली शिवली, आणि तिच्यात सोयाबीन भरलेलं आहे.

त्या वर्षी मामा मस्कतहून आला तेव्हा बाबांसाठी व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला, छोट्या आठ मिलिमीटर कॅसेटचा. बाबा पिथमपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांनी आदल्याच वर्षी एक जुनी मॅटाडोर घेतली होती. मागच्या सीटा काढून दोन फळ्यांचे पलंग बसवले, स्टोव्हला लोखंडी पट्ट्यांचं कोंदण केलं, पाण्याच्या कळशीला दोरीची चुंबळ केली. परदेशात अशा गाड्यांना मोटरहोम म्हणतात हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. इंदूरला आमच्या रामबागेतले शेजारी तिला फिरतं बिऱ्हाड म्हणत, आणि तेच नाव खरं होतं, कारण आई निघताना तिच्यात मिसळणाच्या डब्यापासून देवाच्या तसबिरीपर्यंत सगळं चढवायची.

पहिलं चित्रण यशवंतसागरावर झालं. देपालपूरच्या वाटेवर गंभीर नदीचं पाणी अडवून केलेला हा तलाव इंदूरला पाणी पाजतो, आणि त्याच्या काठच्या ओल्या शेतांत सारस राहतात. उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यांत उंच पक्षी हाच. थंडीतल्या एका सकाळी धुकं उचललं आणि समोर एक जोडी नाचत होती. माना मागे टाकून, पंख अर्धे उघडून, एकमेकांभोवती उड्या मारत. बाबांनी झूम पुरता ताणला आणि कॅमेरा हातात धरून सात-आठ मिनिटं घेतली. रात्री घरी येऊन टीव्हीला वायर जोडली, तर सारस पडद्याच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फेकले जात होते. झूम इतका ताणला की धरणाऱ्याचा साधा श्वासही चित्रात वादळ होऊन येतो. आई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, त्या पक्ष्यांना जरा उभं तरी राहू द्या."

दुसऱ्या दिवशी तिने मशीन काढलं. आधी उशीत तांदूळ भरले, त्यांना दोन महिन्यांत किडे झाले. मग देपालपूरकडे राहणाऱ्या काकांनी शेतातलं सोयाबीन दिलं, पायलीभर. ते बरोब्बर बसलं. गोल, गुळगुळीत, कोरडं बी. दाबलं की सरकतं आणि सरकलं की तिथेच थांबतं. पुढे दर दसऱ्याच्या सुमाराला नवं पीक निघालं की उशीची एक शिवण उसवून आई जुनं बी काढायची आणि नवं भरायची. जुनं गुरांच्या खाण्यात जायचं. सोयाबीन फार दिवस ठेवलं तर पेरणीच्या कामाचं राहत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पण उशीने अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं काम गाडीतल्या माणसांचं. प्राणी-पक्षी उभ्या गाडीला फारसे बिचकत नाहीत, माणूस खाली उतरला की मात्र लगेच उठतात. म्हणून गाडीच्या आतूनच चित्रण करायचं. आणि गाडी तर पाट्यांच्या स्प्रिंगवर उभी. इंजिन बंद केलं तरी मागच्या पलंगावर कुणी कूस बदलली की पुढे खिडकीत चित्र डचमळतं. बाबा हात वर करत. तो हात वर गेला की स्टोव्हवरचा चहा उतू गेला तरी आई हलायची नाही. एकदा मांडूला, गोरखचिंचेच्या ढोलीत पोपटांची ये-जा चालली होती, तेव्हा धाकटी बहीण शिंक दाबून लाल झाली होती. चंबळच्या काठी, गांधीसागराच्या कड्यांवर गिधाडं बसलेली असत. तिथे आम्ही एकेक तास असे काढले. कुटुंबातली चार माणसं एका पक्ष्यासाठी मिळून श्वास सांभाळतात, याहून जास्त जवळीक मी नंतर कुठल्याही घरात अनुभवली नाही.

बाबा २००४ साली गेले. मॅटाडोर भंगारात गेली. कॅसेटींना एका पावसाळ्यात बुरशी आली आणि बऱ्याच वाया गेल्या. उशी मात्र आईने ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली होती. पाच वर्षांनी मी ट्रॅव्हलर घेतली आणि आतून घर करून घेतलं, तेव्हा तिने ती न बोलता माझ्या हातात दिली. ट्रॅव्हलर पिथमपूरलाच बनते. बाबा आयुष्यभर ज्या रस्त्याने कामाला गेले, त्याच रस्त्याने मी ती घरी आणली.

मला चित्रित करायचा होता तो खरमोर. मारुती चितमपल्लींच्या आणि एकूणच महाराष्ट्रातल्या मराठीत तो तणमोर. आम्ही इंदूरचे मराठी लोक खरमोरच म्हणतो. कोंबडीएवढा पक्षी. वर्षभर गवतात असा मिसळलेला असतो की दिसणं कठीण. पावसाळ्यात मात्र नराचं डोकं, मान, पोट काळंभोर होतं, कानामागून रिबिनीसारखी पिसं निघतात, आणि तो माळावर आपली एक जागा धरून उड्या मारू लागतो. सरळ वर, माणसाच्या उंचीइतका, आणि पुन्हा गवतात. दिवसभरात शेकडो वेळा. उंच गवतात मादीला दिसायचं तर दुसरा उपाय नाही. त्याच्यासाठी १९८३ साली मध्य प्रदेशात दोन अभयारण्यं झाली, रतलामजवळ सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर. सरदारपूरच्या अभयारण्यात गावोगावच्या खाजगी जमिनी आल्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधनं पडली. एका पक्ष्यापायी लेकीच्या लग्नाला जमीन विकता येत नाही म्हणणारा शेतकरी मला तिथे भेटला आहे, आणि त्याच्यापुढे माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

सैलान्याला गाडी रस्त्याच्या कडेला लावली तेव्हा चौकीदार जवळ येऊन म्हणाला, "भिया, गाड़ी यहीं रहने दो, और उतरना मत." तीन दिवस आम्ही तिथे होतो. पहिले दोन दिवस पाऊस तिरपा होता आणि मी खिडकी बंद करायला तयार नव्हतो. उशीचा बाहेरचा कप्पा भिजत राहिला. दुसऱ्या रात्री तो फुगून दगडासारखा टणक झाला. भिजलेलं सोयाबीन दुपटीने फुगतं. त्याला दाबून खोबण होईना. पहाटे 'टर्र' असा आवाज झाला आणि शिवण फाटली. बायकोने बॅटरी लावली. फिकट पिवळे, सुजलेले, लांबट झालेले दाणे खिडकीतून बाहेर सांडत होते, काहींना पांढरे कोंब फुटले होते, आणि गाडीत आंबूस वास भरला होता. बाहेरच्या कप्प्यात मी टॉवेल कोंबला. सकाळी नऊच्या सुमाराला समोरच्या गवतातून काळं काहीतरी उसळलं. पांढरे पंख फडफडले, मान मागे गेली, बेडकासारखा कोरडा आवाज आला, आणि ते गेलं. मी बटण दाबायच्या आत. मग पुन्हा. मग पुन्हा. बायको मागे हात धुवायला उठली होती. ती अर्धवट वाकलेली तशीच उभी राहिली, बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत एकोणीस उड्या आहेत.

ते फूटेज घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी लॅपटॉपच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. म्हणाले, "हा तर आपल्या बीडात असायचा." बीड म्हणजे गवताची राखलेली जमीन. "तेव्हा काळी जमीन पावसाळ्यात पडच ठेवायचो. पाणी मुरू द्यायचं आणि दिवाळीनंतर त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. मध्ये चार महिने नुसतं गवत, कुठे ज्वारी. सोयाबीन आलं आणि पड संपली. बीडसुद्धा नांगरलं."

माळव्यात सोयाबीन सत्तरीच्या दशकात शिरलं आणि वीस वर्षांत पावसाळी शेतीचा चेहरा पालटून गेलं. इंदूरला सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ साली निघालं. आमची उशी त्यानंतर चार वर्षांनी. नेमक्या ज्या चार महिन्यांत त्या पक्ष्याला मोकळं गवत लागतं, त्याच चार महिन्यांत हे पीक उभं असतं. २०२१ साली खरमोर जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. कारणं बरीच आहेत, त्यात गवताळ माळाला पडीक समजायची आपली जुनी सवयही आहे. पण मी त्या दिवशी काकांच्या ओसरीवर मांडीवर फाटकी उशी घेऊन बसलो होतो आणि तिच्यातून अजून एकदोन दाणे गळत होते. ज्याच्या आधाराने मी त्याला पडद्यावर स्थिर केलं, त्यानेच त्याच्या पायाखालचं गवत नेलं होतं. काकांना मी काय म्हणणार? सोयाबीनच्या पैशावर त्यांची विहीर झाली, दोन लेकींची लग्नं झाली, आणि माझ्या ट्रॅव्हलरचा पहिला हप्ताही त्यांनीच दिला होता. तेही गप्प होते. मग आत गेले आणि नव्या बियांची पिशवी घेऊन आले. "ने," म्हणाले. "भरायला तर लागणारच."

बायको म्हणते, त्यात थर्माकोलचे मणी भरू. हलकं होईल, भिजणारही नाही. बरोबर आहे तिचं. पण मी अजून सोयाबीनच भरतो. खिडकीत बसलो की हाताखाली ते दाणे सरकतात, आणि हे गवत कशाच्या बदल्यात उरलं आहे आणि कशाच्या बदल्यात गेलं आहे, ते मला विसरता येत नाही.

यंदा सैलान्याला सहा दिवस राहिलो. गवत कमरेएवढं होतं, हिरवं, वाऱ्याबरोबर लोळणारं. खरमोर दिसला नाही. चित्रण मात्र घेतलं, जवळजवळ दोन तास, नुसत्या गवताचं.

आईला आता दिसत नाही. मोतीबिंदू नाही, डोळ्यांचा पडदाच गेला आहे. परत आल्यावर ती विचारते, काय आणलंस, आणि मी कानाला हेडफोन लावून तिला ऐकवतो. यंदा सांगितलं, "आई, पक्षी नाही आला, नुसतंच गवत आहे." ती म्हणाली, "लाव तरी." डोळे मिटून ऐकत राहिली. वारा होता, लांबून बैलाच्या घुंगरांचा आवाज होता, दुसऱ्या दिवशीचा पाऊस होता. एका जागी मी लेन्स थोडी डावीकडे वळवली होती, तिथे आतले दाणे सळसळले. ती लगेच म्हणाली, "नवं भरलंस वाटतं. जुन्याचा असा आवाज नाही येत."

मी हो म्हटलं. तिने हात वर केला, बाबा करायचे तसा, आणि पुढचं ऐकू लागली.