थळच्या घरी, तळेगावहून

हिंगणघाट, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा,

काल नागपुरात उतरले, आज हिंगणघाट. वाट वाकडी करून इथे आले ती लॅम्ब्टनसाठी. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी ज्याने १८०२ साली मद्रासेत सुरू केली, तो विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी इथेच वारला. कबरही इथेच आहे. त्याच्यामागून एव्हरेस्टने काम हाती घेतलं आणि पुढे ती मोजणी हिमालयापर्यंत गेली. एका उंच जागेवरून दुसरी उंच जागा दिसली पाहिजे, यावर या माणसाचं सगळं आयुष्य चाललं. टेकडी नसेल तिथे तो देवळाच्या गोपुरावर चढे, आणि सोबत अर्ध्या टनाचं कोनमापक यंत्र! त्याच्या कबरीपाशी आज मला खंडेरीच्या दीपगृहातली तुमची नोकरी आठवली. तिथला दिवा १८६७ पासून हेच तर सांगत आलाय, की मी तुला किती लांबून दिसतो.

निघताना तुम्ही म्हणालात, "समुद्र नाही तिथे माणसं लांबचं शहर कशावरून ओळखतात, ते बघून ये." तेवढं एकच काम डोक्यात ठेवून फिरते आहे. उद्या वर्धा-आर्वीवरून तळेगावला जाईन. आईला सांगा, औषध वेळेवर घेते आहे.

तुमची सुमी


तळेगाव (श्यामजी पंत), १४ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा,

हे गाव नागपूर-अमरावती हमरस्त्यावर आहे. चौफुलीवर ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या, आणि आंबिया बहाराची संत्री आता कुठे पिवळी पडायला लागलेली. अमरावती इथून सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटर, पश्चिमेला जरा दक्षिणेकडे कललेली. नागपूर पूर्वेला, नव्वदच्या पुढे. आर्वी दक्षिणेला, अगदी जवळ. मी वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या माहेरी उतरले आहे. तिच्या वडिलांना इथे सगळे काकाजी म्हणतात, मीही म्हणते.

दुपारी त्यांना विचारलं, इथून अमरावती दिसते का? ते म्हणाले, "दिवसा काय दिसन? रातच्याला ये वावरात."

रात्री त्यांच्यासोबत जागलीला गेले. जागल म्हणजे पिकाची रात्रीची राखण. रानडुकरं नि रोही यांनी इथल्या शेतकऱ्याची झोप उडवली आहे. चार बल्ल्या पुरून वर फळ्या टाकलेल्या, डोक्यावर तुराट्यांचं छप्पर, असा तो माळा. एका बल्लीला तेलाचा रिकामा डबा टांगलेला. त्याची दोरी माळ्यावर येते. ती ओढली की आत बांधलेला दगड डब्यावर आपटतो आणि अख्खं शिवार दणाणतं. खाली कपाशी, मधून तुरीच्या ओळी, तुरीला नुकती फुलं आलेली. कोजागिरी होऊन आठवडा झाल्याने चंद्र उशिरा उगवणार होता, त्यामुळे अंधार चांगला दाट होता. पावसाने धुतलेली हवा अजून मळली नव्हती. पुढे थंडीत धूर-धुकं जमिनीलगत बसून राहतं, तेव्हा एवढं दिसत नाही म्हणतात.

डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागली. मग काकाजींनी हात लांब केला. "थो पाहा, थो अमरावतीचा उजेळ. इकळचा बारका थो आर्वीचा."

बाबा, पश्चिमेला आभाळाच्या कडेवर एक फिकट घुमट होता. मधे जरा उजळ, बाजूंना विरत गेलेला. एकही दिवा दिसत नव्हता, इमारत तर नाहीच. नुसता उजेड. तुम्ही सांगायचात ना, होडी अजून लांब असते, दिवा क्षितिजाखाली असतो, पण त्याची झाक आधी वर दिसते आणि मग दिवा वर येतो? तसंच हे. फरक एवढाच, की इथे ती झाक रोज रात्री येते आणि दिवा कधीच वर येत नाही.

नागपूरचं विचारलं तर म्हणाले, ते पावसाळ्यातच, ढग असले म्हणजे. तेही बरोबर आहे. शहराचा उजेड ढगांच्या पोटाला लागून परततो आणि एरवी क्षितिजाखाली राहणारी गोष्ट वर येते. आधी हा घुमट पिवळा होता, आता पांढरा झालाय, हेही त्यांनीच सांगितलं. रस्त्यांवरचे सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आले, त्याची नोंद पन्नास किलोमीटरवरच्या माळ्यावर झाली आहे. पांढऱ्या दिव्यात निळा भाग जास्त असतो आणि हवेत निळाच जास्त विखुरतो. काकाजींना वाटतं, पांढरा झाल्यापासून आभाळातल्या बारीक चांदण्या कमी झाल्या. मला त्यांचं पटतं, आणि वाईटही वाटतं. जागलीवरच्या माणसाला रात्र किती सरली ते चांदण्या सांगतात.

मधेच तुरीत काही खसपसलं. त्यांनी दोरी ओढली. डबा असा वाजला की माझ्या हातातली तुमची दुर्बीण खाली पडता पडता राहिली.

सुमी


तळेगाव, १६ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा,

आज घाटावर जाऊन आले. तळेगावहून कारंजाकडे निघालं की सत्याग्रही घाट लागतो, म्हणजे आपण वर्धेच्या खोऱ्यातून पठारावर चढतो. नागपूरची बाजू या पठाराआड झाकली जाते. काकाजींचं नागपूर ढगांवाचून का दिसत नाही, ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. पश्चिमेकडे मात्र खोरं पसरलेलं दिसतं.

तुमच्यासाठी हिशोब मांडते. डोळ्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्या, साडेतीनने गुणा, आलं क्षितिजापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये. शंभर मीटर उंचावर उभे राहिलात तर पस्तीस. समोरची इमारत पन्नास मीटरची असेल तर तिचे पंचवीस. दोन्हींची बेरीज साठ. म्हणजे शंभर मीटर चढ मिळाला तर अमरावतीच्या उंच इमारतींची टोकं कागदावर दिसायला हवीत! पण कागदावर टेकाडं नसतात, झाडं नसतात, धूळ नसते. समुद्रावर तुमचं गणित चुकत नाही, इथे जमीन मधे येते.

अंधार पडल्यावर दुर्बिणीतून दोन लाल ठिपके सापडले, एकावर एक, लुकलुकणारे. सोबत आलेला काकाजींचा पुतण्या म्हणाला, ते नांदगाव पेठेच्या वीजकेंद्राचं धुराडं. म्हणजे शहराआधी शहराच्या वाटेवरचं धुराडं भेटलं. मला त्याचाही आनंद झाला. तेवढा लहान ठिपका एवढ्या लांबून!

तुम्ही मला माथेरानला नेलं होतं ते आठवतं? पॉर्क्युपाइन पॉइंटवर शाल गुंडाळून बसलो होतो आणि मुंबईचे दिवे वेगवेगळे मोजता येत होते. नकाशा काढून पाहिलं, माथेरान ते दादर पंचेचाळीसएक किलोमीटर. इथून अमरावती जवळपास तेवढीच! माथेरानची उंची आठशे मीटर, म्हणजे तिथून क्षितिज शंभर किलोमीटरवर. एकच अंतर, पण तिथे दिवे आणि इथे घुमट. त्यामुळे शहर किती लांबून दिसतं असं कुणी विचारलं, तर मी आधी विचारीन, तू उभा कुठे आहेस?

दादाने टोरांटोहून पाठवलेला फोटो मी या प्रवासात पुन्हा पुन्हा काढून पाहिला. नायगराच्या बाजूने, सरोवरापलीकडून, पन्नासएक किलोमीटरवरून घेतलेला. ५५३ मीटरचा सीएन टॉवर पाण्यातून उगवल्यासारखा दिसतो आणि भोवतीच्या इमारती कमरेइतक्या बुडालेल्या. तेव्हा आपण म्हटलं, धुकं असेल. धुकं नव्हतं. पाण्याच्या काठावर उभ्या माणसाला तेवढ्या अंतरावर खालचे सव्वाशे-दीडशे मीटर दिसणारच नाहीत, ते पृथ्वीच्या बाकाआड गेलेले असतात. किती ते हवेवरही ठरतं. जमिनीलगतची हवा गार असली की किरण खाली वाकतो आणि लांबचं थोडं उचलून दिसतं. लॅम्ब्टनच्या मागून आलेले मोजणीदार रात्री दिवे लावून कोन घेत, त्यामागे हेही एक कारण होतं.

परवा निघते. तोवर एक काम करा. थळच्या किनाऱ्यावरून कफ परेड पंचवीस-सव्वीस किलोमीटर. वाळूत उभे राहिलात तर माझ्या हिशोबाने तिथल्या इमारतींचे खालचे दहाएक मजले पाण्याखाली असायला हवेत. घराच्या गच्चीवर गेलात तर त्यातले चारेक वर यावेत. दुर्बीण माझ्याकडे आहे, तेव्हा शेजारच्या नाखवांची मागा. स्वच्छ संध्याकाळ बघून एखादी ओळखीची इमारत धरा, आधी वाळूतून मजले मोजा, मग लगेच गच्चीतून. दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि गच्चीवर चढताना आईचा हात धरा.

तुमची सुमी