ह्यात आजी कुठं आहे?



दिवाळीची सुट्टी संपली की मी चौथीच्या वर्गाला 'आमची सहल' हा निबंध देते. यंदाही दिला. तुम्हीही अशा वह्या तपासल्या असतील. 'आम्ही सकाळी लवकर उठलो. आम्ही सर्व तयार झालो. तेथील निसर्ग पाहून मन प्रसन्न झाले. खूप मजा आली. ही सहल मी कधीही विसरणार नाही.' गावांची नावं तेवढी वेगळी.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत खिचडी खाता खाता त्यातलाच एक मुलगा मित्रांना सांगत होता, "गाडीत बसायला जागाच नव्हती. बारकी बहीण माझ्या नव्या शर्टावर ओकली. मग पप्पांनी घाटात थांबून माझा शर्ट धुतला अन् मी दिवसभर पप्पांचा शर्ट घालून फिरलो, गुडघ्यापर्यंत!" पोरं पोट धरून हसत होती. मी विचारलं, "अरे, हे वहीत का नाही लिहिलंस?" तो गोंधळला. म्हणाला, "मॅडम, ते निबंधात लिहायचं असतं का?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. कारण हीच चोरी मीही केली होती. ती आज तुम्हाला सांगते.

1999 सालचा मे महिना. मी नुकतीच चौथी पास झाले होते. वर्षभर इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराज वाचले होते आणि रायगड बघायचाच म्हणून घरात भुणभुण लावली होती. आमचं गाव कऱ्हाडजवळ. वडील शिंपी. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. जूनमध्ये गणवेशांची गर्दी सुरू व्हायच्या आत जाऊन येऊ, असं त्यांनी ठरवलं. आजीचे गुडघे दुखायचे, पण रायगडावर नवीन रोपवे झाल्याचं त्यांना कळलं होतं. म्हणाले, "आईला पाळण्यातनं वर नेऊ." त्यासाठी पैसे त्यांनी वर्षभर बाजूला टाकले होते.

आप्पा, आई, आजी, मी आणि धाकटा भाऊ असे पाच जण पहाटेच निघालो. महाबळेश्वरपर्यंत सगळं झकास. पुढे आंबेनळी घाटात गाडी बंद पडली. दोन तास आम्ही रस्त्याकडेला. पण खरं सांगू? तेव्हा कुणालाच वाईट वाटलं नाही. बायकांनी करवंदं तोडली, आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आप्पांनी लांबून प्रतापगड दाखवला.

महाडला पोचेपर्यंत दुपार झाली. गाडीतून उतरताना गर्दी झाली आणि आप्पांचं पाकीट गेलं.

आप्पा आधी शर्टाचा खिसा, मग पँटचे खिसे, मग पुन्हा शर्टाचा खिसा चाचपत राहिले. इतकं कावरंबावरं झालेलं तोंड मी त्यांचं कधी बघितलं नव्हतं. अख्ख्या गावाच्या पँटींना आतून चोरखिसा शिवून देणारा हा माणूस! स्वतःच्या पँटला मात्र शिवला नव्हता.

आई काही बोलेना. भाऊ रडायला लागला. मी काय केलं? मी विचारलं, "मग आता रोपवे?" आजही तो प्रश्न आठवला की अंगावर काटा येतो.

आजीनं कमरेची चंची काढली. पान-सुपारीच्या खालून घडी घातलेल्या नोटा निघाल्या. आईनं मोजल्या. परतीचं तिकीट निघत होतं, वर थोडे उरत होते. आप्पा म्हणाले, "चला माघारी." आजी म्हणाली, "आरं, पैसं गेलं, माणसं हायती की समदी. एवढ्या लांब आलोय, गडाच्या पायथ्याला तरी डोकं टेकू."

पाचाडला गाडीतून उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते. समोर रायगड उभा. रोपवेला पैसे नाहीत, चढून जायला वेळ नाही आणि परतीची गाडी तासाभरात. मी गडाकडे बघून फुगून बसले. आजी मात्र विचारत विचारत जिजाऊंच्या समाधीपाशी गेली.

तुम्ही पाचाडला गेला असाल तर ती जागा आठवेल. रायगडच्या मानानं अगदी शांत. गडावरची थंड हवा जिजाऊंना मानवत नसे, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी खाली पाचाडला वाडा बांधला असं सांगतात. त्या वाड्याचे अवशेष आणि तक्क्याची विहीर तिथं आहे. 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला आणि 17 जूनला जिजाऊ गेल्या. अवघे अकरा दिवस. आप्पांना ही तारीख ठाऊक होती. त्यांनी ती सांगितली तशी आजी समाधीजवळ खाली बसली आणि म्हणाली, "पोराचं कौतुक डोळ्यांनी बघून गेली माउली." मग आप्पांकडे बघून म्हणाली, "मला वर कशाला नेतोस? मला हितंच यायचं हुतं."

तेव्हा आप्पांनी तोंड फिरवलं. ते रडत होते हे मला कळलं, पण का ते कळलं नाही.

ती रात्र आम्ही महाडच्या स्टँडवर काढली. आम्ही झोपलो, आप्पा जागे होते. सकाळच्या गाडीनं घरी.

आता माझ्या चोरीकडे येते. जूनमध्ये पाचवीत गुरुजींनी निबंध दिला, 'मी पाहिलेला किल्ला'. मी पुस्तकातून सगळं उचललं. नगारखाना, बाजारपेठ, टकमक टोक, हिरकणी बुरूज, जगदीश्वराचं मंदिर, महाराजांची समाधी. शेवटी 'खूप मजा आली'. गुरुजींनी वर्गात वाचून दाखवला. मी धावत घरी आले आणि आप्पांच्या मशीनशेजारी उभं राहून मोठ्यानं वाचला.

मशीन थांबलं. आप्पा म्हणाले, "चांगलं लिव्हलंयस." आणि मशीन पुन्हा सुरू. उंबऱ्यात बसलेल्या आजीनं मात्र विचारलं, "समदं झ्याक हाय. पण ह्यात आजी कुठं हाय? ती करवंदं कुठं हायती?"

मला वाटलं होतं मी घरची लाज झाकली. खरं तर मी आप्पांना सांगितलं होतं की तू दाखवलेली सहल लिहिण्याजोगी नव्हती. एवढं समजायला मला पुढे डीएड होऊन स्वतः वर्गात उभं राहावं लागलं. रायगड मी नोकरीला लागल्यावर चढले. तेव्हा आजी नव्हती. डीएडला जाताना आप्पांनी शिवून दिलेल्या पिशवीला आतून चोरखिसा होता. त्यावर आम्ही दोघं एक शब्दही बोललो नव्हतो.

तर त्या मुलाला मी सांगितलं, "शर्टाचं लिही." त्यानं दीड पान लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई वही घेऊन शाळेत. "मॅडम, आमची फजिती वहीत कशाला?" मी तिला चोरखिशाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "ताई, ह्यात त्याच्या पप्पांनी शर्ट काढून दिलाय, ते वाचा." ती हसली नाही. पण तिथंच उभी राहून तिनं ते दीड पान पुन्हा वाचलं आणि वही जपून पिशवीत ठेवली.

आता मी निबंधाआधी मुलांना तीनच प्रश्न विचारते. काय ठरलं होतं? काय बिघडलं? तेव्हा कोण काय म्हणालं? मुलं धडाधडा बोलतात. बोलून झालं की म्हणते, आता हेच लिहा. शुद्धलेखन मागाहून बघू. जे मूल कुठंच गेलेलं नसतं, त्याला मामाच्या गावाची चुकलेली गाडीही चालते. कुणाला घरातलं लिहायचं नसेल तर मी आग्रह धरत नाही.

पालकांना एकच विनंती. मुलानं घरची फजिती लिहिली तर ती खोडून 'निसर्ग पाहून मन प्रसन्न झाले' असं सांगू नका. त्या फजितीत तुम्ही आहात. मुलानं तुम्हाला तिथं बघितलंय.